निवृत्त भाषा, चालू पेढ्या

खोबरे, मिरी, काजू असा किनारपट्टीचा माल ज्या घाऊक बाजारांतून माळव्याच्या गावोगावी पोचतो, त्यांत इंदूरच्या सियागंजाचे स्थान मोठे आहे. हातगाड्यांची रांग लागली म्हणजे तेथे बिल करणाऱ्यास मान वर करण्याची फुरसत नसते. अशा बाजारांतील, मग तो सियागंज असो की आमच्या किनाऱ्यावरील एखादी बाजारपेठ असो, कित्येक पेढ्यांची खाती ज्या संगणक-भाषेत बांधली गेली, तिला तिच्या धन्यानेच केव्हाचे वाऱ्यावर सोडले आहे. तिचे नाव फॉक्सप्रो.

ही भाषा मूळची अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका छोट्या कंपनीची. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, २००४ च्या अखेरीस भाषेची शेवटची आवृत्ती काढली, २००७ मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि १३ जानेवारी २०१५ रोजी उरलासुरला आधारही काढून घेतला. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ ची कथा फारशी निराळी नाही. तिच्यावरील छत्र ८ एप्रिल २००८ रोजी हरपले. कागदोपत्री दोन्ही भाषा निवृत्त झाल्या. पेढीवर मात्र त्या रोज सकाळी वेळेवर हजर असतात.

यात व्यापाऱ्याचा हट्ट वा मागासलेपणा पाहणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. यांतील बहुतेक आज्ञावल्या गावातल्याच एखाद्या तरुणाने पेढीवर बसून, अडत, हमाली, तोलाई, बारदान आणि उधारीवरचे व्याज मुनिमाकडून समजावून घेऊन लिहिल्या. मालकाच्या व्यवहाराचे माप घेऊन बेतलेला तो अंगरखा आहे. माउसला हात न लावता नुसत्या कळा दाबून बिल काढण्याची बोटांना सवय झालेली असते, आणि कार्बन लावून एका ठोक्यात तीन प्रती उमटवणारे डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र अजून कुरकुरत का होईना, चालते. चालत्या गाड्याला खीळ कोण घालील?

तथापि, निवृत्तीनंतरही जी कामावर राहिली, ती अमर झाली असे नव्हे. तिच्या पायाखालची जमीन सरकत असते. डॉसच्या काळातल्या आज्ञावल्या विंडोज १० च्या बत्तीस बिटांच्या आवृत्तीपर्यंत कशाबशा चालत आल्या. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला तशी आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डॉसचा आभास निर्माण करणारी साधने आहेत. परंतु छपाईयंत्राशी त्यांचे सूत जुळविणे हे ज्याने एकदा करून पाहिले आहे, तो दुसऱ्यांदा आनंदाने करावयास जात नाही.

दुसरा ताण सरकारचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, २०१८ साली ई-वे बिल आले, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांस ई-इनव्हॉइस लागू झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी दरच बदलले. बदाम-पिस्ते बारा टक्क्यांवरून पाचांवर उतरले. ज्या आज्ञावलीत कराचा दर वेगळ्या तक्त्यात ठेवला होता, तेथे हे काम पाच मिनिटांचे. जेथे तो आज्ञावलीच्या पोटातच लिहिला गेला, तेथे मूळ लेखकाचे घर शोधण्याची पाळी येते. तो तरुण आता साठीकडे झुकलेला, कदाचित दुसऱ्या शहरात मुलाकडे राहावयास गेलेला. मूळ लिखाण त्याच्यापाशी. पेढीच्या हाती केवळ चालणारी, पण आतून न उघडणारी फाईल. कंपनीने आधार काढण्यापेक्षा हा आधार सुटणे अधिक भयंकर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५९ साली जन्मलेल्या कोबोलचा अनुभवही हेच सांगतो. तिला आजही अधिकृत आधार आहे. तरीही एप्रिल २०२० मध्ये करोनाने बेकार केलेल्यांच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर हाक द्यावी लागली. अमेरिकेसारख्या राष्ट्रावर ही वेळ यावी!

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. होळकरांच्या राज्यातील दप्तरे ज्या मोडीत लिहिली गेली, ती लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून उठली. दप्तरांचे रुमाल मात्र जेथल्या तेथे राहिले. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. मोडीचे वर्ग चालविणारे थोडे लोक मधल्या काळात टिकून राहिले, म्हणून निभावले. फॉक्सप्रोचे वर्ग चालविणारे कोणी उरले आहे काय?

सुदैवाने फॉक्सप्रोची माहिती ज्या डीबीएफ फायलींत साठते, त्या लिब्रेऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या साधनातही उघडतात. माहिती अडकलेली नाही. अडकले आहे ते हिशेबाच्या रीतीचे ज्ञान. म्हणून व्यापारी संघांनी आपल्या सभासदांना मूळ लिखाणाची प्रत लेखकाकडून, योग्य मोबदला देऊन, आजच मागून घेण्यास सांगावे. वाणिज्य आणि संगणक शाखांच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या आज्ञावलीचे वाचन करावयास लावावे; परीक्षेपुरत्या नव्या प्रकल्पांपेक्षा त्यांना त्यातून अधिक कळेल. नव्या आज्ञावलीचा करार करताना मूळ लिखाण कोणाचे, हे कलम प्रथम वाचावे.

आणि जुनी आज्ञावली बंद केली तरी तिची फाईल पुसून चालणार नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. बदल करावयाचाच असेल तर १ एप्रिलचा मुहूर्त धरावा, त्याआधी महिनाभर जुने आणि नवे हिशेब शेजारी-शेजारी चालवून रोजमेळ ताडून पाहावा, आणि डीबीएफ फायलींची एक प्रत पेढीबाहेर, घरी ठेवावी.