हौसेचा हिशेब

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पण रंगीत पक्षी पाळण्याच्या हौसेचे मोल कोणीतरी मोजतच असते. ते पाळणाऱ्याने मोजावे, पक्ष्याने नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आमच्या मोहन्यात चाळीच्या ओट्यावर फिंच पक्ष्यांचे पिंजरे दिसतात. त्यातला झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या देशाने १९६० मध्ये आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. आपल्याकडे मिळतो तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. राळे, बाजरी, समुद्रफेन, स्वच्छ पाणी आणि एक छोटे मडके एवढ्यावर जोडी संसार थाटते. चार ते सहा अंडी नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे उबवतात. पुढे तीनेक आठवड्यांत पिल्ले घरट्याबाहेर पडतात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना असा पिंजरा म्हणजे जीवशास्त्राचा तासच! म्हणून या छंदाला मी नावे ठेवणार नाही.

परंतु लाल मुनियेची गोष्ट वेगळी. ती आपल्याच गवताळ रानातली. तिचे 'अमांडावा' हे शास्त्रीय नाव अहमदाबादवरून पडले, कारण तेथून हे पक्षी परदेशी विकले जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०-९१ मधील बंदी यांमुळे आता रानातले भारतीय पक्षी पकडणे व विकणे गुन्हा आहे. तरीही चोरून जाळी लागतात. साध्या मुनियांना रंग फासून विकले जाते. गिऱ्हाईक नसेल तर जाळे कोण लावील?

काही मित्र म्हणतात, सगळेच पिंजरे उघडून द्या. हे ऐकायला गोड आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेला परदेशी पक्षी येथे सोडला तर तो कावळ्या-मांजरांच्या तोंडी जाईल. त्याला सोडणे ही दया नव्हे, जबाबदारी टाळणे आहे.

मग करावे काय? रानातला पक्षी विकत घेऊ नये. फिंच वर चढत नाही, आडवा उडतो. तेव्हा पिंजरा लांब असावा. आणि पिल्लांना जागा नसेल तर मडके काढून ठेवावे. विक्रीसाठी वर्षभर अंडी घालायला लावून मादीला झिजवणे, याला छंद म्हणता येणार नाही.

मित्रहो, हौस आपली आहे. तिचा हिशेबही आपणच चुकता केला पाहिजे.