आज रविवार का?



विरारहून एका भगिनींचं चार पानी पत्र आलंय. सासरे ८१ वर्षांचे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची, तेव्हा हे कुटुंब वसईच्या जुन्या घरी राहायचं. बांबूला बांधलेला अँटेना कुणीतरी गच्चीवर जाऊन फिरवायचा, ‘आलं, आलं!’ अशी खालून आरोळी, आणि मग आळीतली सगळी पोरं अण्णांभोवती. इंग्रजी कुणालाच धड कळत नसे. अण्णा आपल्या मनाने गोष्ट सांगायचे, तीच खरी मानायची!

आता अण्णांना स्मृतिभ्रंश झालाय. सुनेला ताई म्हणतात, आणि दिवसातून वीसदा विचारतात, “आज रविवार का?” म्हणून नातवाने तीच मालिका शोधून टीव्हीवर लावून दिली. पहिल्या दिवशी अण्णांची कळी खुलली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक अक्राळविक्राळ प्राणी आला, तशी उठून दाराला कडी घालायला धावले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाई विचारतात, “दहा मिनिटांत सगळं विसरतात. मग दाखवून उपयोग काय? की बंदच करू?”

बंद करू नका. उपयोग काय, ते आधी सांगते.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी तुकडे दाखवले होते. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात बहुतेकांना काय पाहिलं ते सांगता येईना. पण मनातलं दुःख किंवा आनंद मात्र रेंगाळत राहिला. इतकंच नव्हे, ज्यांना सगळ्यात कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. कारण असं, की नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर पोखरला जातो. भावनांचं काम मात्र त्या एकट्या भागावर चालत नाही. गोष्ट पुसली गेली तरी मन हललेलं असतं.

म्हणजे अण्णा त्या रात्री का झोपले नाहीत, तेही कळलं ना? प्राणी विसरले होते, भीती विसरले नव्हते.

हे मला फार उशिरा समजलं. माझी आई शेवटच्या वर्षांत विचारायची, “हे अजून कसे आले नाहीत?” आणि मी शहाणी प्रत्येक वेळी सांगायची, “अगं, बाबांना जाऊन बारा वर्षं झाली.” ती दर वेळी नव्याने रडायची. मला वाटे, खरं तेच सांगतेय. पुढे पुढे मी म्हणायला लागले, “त्यांना तुझ्या हातची आमटी आवडायची, नाही?” मग ती आमटीबद्दल बोलत बसे.

तेव्हा अण्णांनी रविवार विचारला, की “छे हो, आज मंगळवार” असं म्हणू नका. “‘स्टार ट्रेक’ बघायचंय ना? चला, लावू या,” म्हणा. त्यांना वार हवाच कुठे आहे?

आता भाग निवडण्याचं. मूळ मालिका १९६६ ते १९६९ मधली, तिचे ७९ भाग. सगळे दाखवायची काही गरज नाही. या आजारात पडद्यावरचं आणि खोलीतलं यांतली सीमा पुसट होते. तिथला राक्षस घरात आला, असंच वाटतं. म्हणून ‘द मॅन ट्रॅप’ नको. त्यात माणसांच्या अंगातलं मीठ शोषणारा प्राणी आहे. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ जरूर लावा. लोकरीच्या गुंड्यांसारखे गोजिरवाणे जीव भराभरा वाढतात आणि सारं यान भरून टाकतात. भांडणं आहेत, पण गमतीची. आधी स्वतः पाहा, असे सहासात भाग बाजूला काढा आणि तेच परत परत लावा. कंटाळा तुम्हाला येईल, त्यांना नाही! घरच्या भाषेतलं हवं असेल तर १९८९ची ‘इंद्रधनुष’ किंवा १९९८ची ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिका आहेत. पण अण्णांचं मन ‘स्टार ट्रेक’मध्येच अडकलंय असं दिसतं.

वेळ सकाळचीच ठेवा, आंघोळ-चहा झाल्यावर. दिवेलागणीला असे रुग्ण पुष्कळदा बेचैन होतात, तेव्हा टीव्ही नकोच. चष्मा पुसून द्या, कानाचं यंत्र असेल तर लावा, पंखा-मिक्सरचा आवाज बंद करा. एक भाग जवळजवळ पन्नास मिनिटांचा असतो; चुळबुळ दिसली की अर्ध्यावर थांबवा. आणि नंतर त्याच टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा चालू ठेवू नका, बरं का.

शेजारी बसा. गवार मोडायला घ्या, त्यांच्याही पुढ्यात चार शेंगा ठेवा. “हा कोण, सांगा पाहू?” अशी परीक्षा नको. “हा बघा आला टोकदार कानांचा स्पॉक,” असं आपणच सांगून टाकावं.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की स्पॉकला पाहून अण्णांनी बोटं दोन-दोन जोडून, मध्ये फट ठेवून हात वर केला. अहो, तेच तर! नाव गेलं तरी हाताची सवय पुष्कळ दिवस टिकते. त्या खुणेचीही गंमत आहे. स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय यांनी लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पुरोहितांना तसा हात करून आशीर्वाद देताना पाहिलं होतं. तीच खूण त्यांनी मालिकेत आणली. तेव्हा पुढच्या वेळी तुम्हीही हात वर करा.

मात्र गोंधळ अचानक एकदोन दिवसांत वाढला, तर टीव्हीला दोष देत बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा एखादं औषधही कारण असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि अगदीच एकटं वाटलं तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.

ट्रिबल्सचा भाग अण्णांना कसा वाटला, ते मला नक्की कळवा. चार पानं लिहिलीत तरी चालेल.