अलकाचं काय चुकलं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात एका पुस्तकचर्चेला गेले होते. विषय होता शेतकऱ्याची कादंबरी. वक्ते वाचलेले, आवाज खणखणीत. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'वर अर्धा तास बोलून ते अलकापाशी आले. म्हणाले, आजकालच्या शिकलेल्या, चंगळवादी मुलींचा हा नमुना. नवरा कर्जात बुडतोय आणि हिला शहर हवंय! सभागृहात माना डोलल्या. बायकांच्याही. मी उभी राहून विचारलं, "अलकाची बाजू कादंबरीत कुठल्या पानावर आहे?" उत्तर आलं, "ताई, आज विषय शेतकऱ्याचा आहे."

म्हणजे बाई शेतकरी नाही. हे एकदा गृहीत धरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

घरी येऊन 'बारोमास' पुन्हा वाचायला घेतली. २००२ साली आलेली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. तिची निंदा करायला मी बसलेले नाही. शेतमालाचे पडलेले भाव, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, शिकून घरी बसलेला एकनाथ, हे इतक्या आतून लिहिलंय की फुलंब्री-सिल्लोडकडच्या कुठल्याही घरात नेऊन ठेवावं. शेवंतामायचे कष्टही लेखकाला दिसले आहेत. पण अलका? मुलगा शिकलेला आहे, आज ना उद्या नोकरी लागेल, या हिशोबावर तिचं लग्न झालं. नोकरी लागली नाही. मग एकनाथचा अपेक्षाभंग ही व्यवस्थेची शोकांतिका ठरते आणि अलकाचा अपेक्षाभंग हा तिचा स्वभावदोष! एकाच व्यवहारात दोघं फसले, पण सहानुभूतीची वाटणी बघा. एकनाथच्या डोक्यात आपण पानंच्या पानं राहतो. अलका मला तरी बहुतेक वेळा कुरकुरताना नाहीतर भांडतानाच ऐकू आली. ती माहेरी निघून जाते तेव्हा वाचकाला सुटल्यासारखं वाटावं, अशीच ती मांडणी आहे. मला वाटलं नाही. मला तिच्यामागे माहेरी जायचं होतं. तिथे भावजयीनं तिला कसं वागवलं, ते वाचायचं होतं.

"लेखकानं वास्तव लिहिलं, त्याला काय करायचं?" हा नेहमीचा बचाव. कुठलं वास्तव? १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, हजारो शेतकरी बाया तिथे जमल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा म्हणून. संघटनेशी आपले मतभेद होते, आहेत. पण बाई शेतकरी आहे हे जाहीर सभेत बोलून झालं होतं, सातबाऱ्यावर चढायला लागलं होतं. 'बारोमास' त्यानंतर सोळा वर्षांनी आली. राजकारणाला जे दिसलं ते कादंबरीला दिसू नये?

आमच्या वाचनगटात कन्नडकडच्या एक बाई येतात. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना 'बारोमास' वाचायला दिली. परत देताना एवढंच म्हणाल्या, "अलकाचं काय चुकलं? मीबी गेले असते, माहेरी कुणी असतं तर." त्यांची गोष्ट नवरा गेला तिथून सुरू होते. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र', हे ठरेपर्यंतचे हेलपाटे. कर्ज बँकेचं की सावकाराचं, तगादा होता याला पुरावा काय, जमीन कुणाच्या नावावर. पात्र ठरलं तर सरकारचे एक लाख. त्यातले तीस हजार हातात, बाकीचे ठेवीत. दिराचं तोंड फिरतं ते तेव्हाच. आणि स्वतःच्या नावावर सातबारा नसलेल्या बाईनंच जीव दिला तर ती 'शेतकरी' म्हणून मोजलीच जात नाही, हे पी. साईनाथ वर्षानुवर्षं लिहीत आले. मी वाचलेल्या शेतकरी कादंबऱ्यांत हे हेलपाटे मला सापडले नाहीत. (कुणाला सापडले असतील तर जरूर कळवा, मी चूक कबूल करीन.)

पुरुषाला बाईचं मन कसं लिहिता येणार, असंही म्हणतात. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणानं उठवलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला गेलेला माणूस. काय ताकदीनं लिहिलंय! पण मग म्हशीपर्यंत पोचणाऱ्या मराठी कादंबरीला घरातल्या सुनेपर्यंत पोचता येऊ नये? आणि येतं की! रा. रं. बोराडे आपल्याच शहरात राहिले, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांची 'पाचोळा' १९७१ ची. सबंध कादंबरी शिंप्याची बायको सांगते, मराठवाड्याच्या बोलीत, कुणाची परवानगी न घेता. पन्नास वर्षांपूर्वी एका पुरुषानं हे केलेलं असताना आजच्यांना सूट कशाला द्यायची?

उलट बाई लिहिते तेव्हा मापं कशी बदलतात बघा. कविता महाजनांची 'ब्र' आली २००५ साली. संस्थेचं काम करणारी प्रफुल्ला आदिवासी पाड्यांवर फिरते, निवडून आलेल्या बायांना भेटते. खुर्ची कुणाची, सही कुणाची, दमदाटी कुणाची, सगळं त्यात आहे. 'ही कादंबरी की अहवाल?' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्याच वर्षीच्या मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि'बद्दल बोलताना तर लोक कादंबरी सोडून लेखिकेच्याच आयुष्याची चौकशी करू लागले. पुरुषानं शेतीच्या खर्चाचा हिशोब लिहिला की ते समाजदर्शन, बाईनं पंचायतीचा लिहिला की अहवाल!

त्या वक्त्यांना मी नंतर पत्र पाठवलं. उत्तर नाही. आता आमच्या गटानं 'पाचोळा' आणि 'बारोमास' एकापाठोपाठ वाचायला घेतल्या आहेत. कन्नडच्या बाईंनी एक वही केलीय. त्या कादंबऱ्यांत बाई शेतात काम करताना दिसली की त्या पान नंबर टिपून ठेवतात आणि समोर लिहितात, त्या कामाची मजुरी कुणाच्या हातात पडली.