चार कॉर्डांचं गुऱ्हाळ

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते आणि काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम करते. गावात पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, रात्री भजन रंगतं, आणि हल्ली त्याच दिवसांत मोबाइलवर अभंगांच्या रील्सचा पूर येतो. अभंग वेगळे, गळे वेगळे, पण खालची गिटार एकच: सी, जी, ए मायनर, एफ. पुन्हा सी. यवतच्या परिसरात गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. तिथे निदान उसाचा गूळ होतो. या चार कॉर्डांच्या गुऱ्हाळात कुठलीही चाल घाला, हाती चोथाच येतो.

हे चार कॉर्ड गोड आहेत, कोण नाही म्हणतं? ऑस्ट्रेलियातल्या ‘अ‍ॅक्सिस ऑफ ऑसम’ या विनोदी त्रिकुटाने याच चार कॉर्डांवर डझनावारी गाजलेली गाणी एका दमात गाऊन दाखवली. जग हसलं. आपण मात्र तो विनोद अभ्यासक्रम म्हणून लावला.

जरा हिशेब करू. सी हा सा धरला, तर सी म्हणजे सा-ग-प, जी म्हणजे प-नी-रे, ए मायनर म्हणजे ध-सा-ग आणि एफ म्हणजे म-ध-सा. आता चाल भूपातली असेल तर? भूपात म आणि नी नाहीतच. म्हणजे रागाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांनाच जी आणि एफ हाताला धरून घरात आणतात. मालकंसात रे आणि प नाहीत, तिथे तर पहिलाच कॉर्ड खोटा पडतो. मालकंसाच्या पाच स्वरांतून मेजर-मायनर कॉर्ड बनतात दोनच: एफ मायनर आणि ए फ्लॅट मेजर. ते शोधायला पाच मिनिटं पुरतात. पण शोधायचं म्हणजे आधी चाल ऐकायला हवी, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मग गाणारा काय करतो? कॉर्ड सोडत नाही, चाल वाकवतो. कोमल स्वर वर सरकवतो, ठेहराव गाळतो, लांबवलेली ओळ गिटारच्या मापाने कापतो. गावोगावच्या बहुतेक चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. त्या एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आल्या. आज तो दुसरा कान रीलला लागलेला आहे. पोरगं वाकवलेली चाल शिकेल, उद्या भजनी मंडळात तीच म्हणेल, आणि मूळ चाल मोडल्याचं कुणाला कळणारही नाही.

कॉर्ड परके, म्हणून हाकला, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पेटी कुठे आपली होती? युरोपातून आली. १९४० ते १९७१ या काळात रेडिओने तिला बंदी घातली होती, कारण तिच्यावर मींड निघत नाही. आज पेटीशिवाय देवळातलं भजन सुनं वाटतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांनाही कॉर्ड येत होते. त्यांनी रागाला आधी विचारलं, एवढाच फरक.

‘पण त्यामुळे तरुण अभंग ऐकतात ना!’ हे उत्तर ठरलेलं. तरुणांना एवढं हलकं का समजता? मालकंस ऐकायला कुणालाही साखरेचं बोट लागत नाही.

गिटार खाली ठेवा, असं मी म्हणत नाही. चाल कुठल्या स्वरावर थांबते ते ऐका आणि त्या स्वराला सामावून घेणारा कॉर्ड शोधा. नाहीच सापडला, तर नुसता सा धरून ठेवा. दिंडीतला विणेकरी तेवढंच करतो, आणि अख्खी दिंडी त्या सुरावर पंढरीला पोचते.