चीनची पंडितशाही कां बुडाली?

चीनच्या बादशाहीचें नांव निघालें कीं आपल्याकडील कांहीं शहाणे लगेच एक गोष्ट सांगतात. "पाहा, त्या देशांत जातपात न पाहतां परीक्षा घेऊन अधिकारी नेमीत. राखीव जागा नाहींत, सवलती नाहींत. ज्याच्या अंगीं गुण त्याला खुर्ची! मग तुम्हीच कां रडतां?" ही गोष्ट अर्धी खरी आहे, आणि अर्धें सत्य हें सबंध खोट्यापेक्षां जास्त घातक असतें. उरलेली अर्धी बाजूही बहुजन समाजानें ऐकून घ्यावी. चीनची बादशाही दोन हजार वर्षें कशानें टिकली आणि शेवटीं कशानें मेली, या दोन्ही प्रश्नांचें बरेंचसें उत्तर त्या परीक्षेच्या मांडवांतच सांपडतें.

खरी बाजू आधीं. चीनमध्यें तख्त हें कोणा एका कुळाचें वतन नव्हतें. छिन घराण्यानें इ.स.पूर्व २२१ मध्यें सारा देश एका छत्राखालीं आणला. पण वेठ आणि जबर शिक्षा यांचा असा वरवंटा रयतेवर फिरविला कीं इ.स.पूर्व २०९ मध्यें चेन शंग नांवाच्या एका शेतमजुरानें बंडाचा झेंडा उभारला, आणि थोड्याच वर्षांत तें घराणें धुळीस मिळालें. पुढें चारशें वर्षें नांदलेल्या हान घराण्याचा मूळपुरुष ल्यू बांग हा शेतकऱ्याचा मुलगा. १३६८ सालीं मिंग घराणें स्थापणारा झू युआनझांग तर दुष्काळांत आणि सांथींत आईबाप गमावलेलें, मठाच्या आश्रयानें भीक मागून जगलेलें पोर! राजाला आकाशाची आज्ञा असते आणि रयतेचे हाल झाले कीं ती आज्ञा निघून जाते, असा तिकडचा समज. म्हणून जिंकणाऱ्याला कुळाचा दाखला मागण्याची सोय नव्हती. आपल्याकडे १६७४ सालीं शिवछत्रपतींना राज्याभिषेकाच्या वेळीं आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर शाहू छत्रपतींना वेदोक्ताच्या प्रकरणांत काय ऐकून घ्यावें लागलें, तें वाचकांना निराळें सांगावयास नको.

परीक्षेचेंही तसेंच. सातव्या शतकाच्या आरंभीं सुई घराण्यानें ही पद्धत सुरू केली आणि सुंग घराण्यानें तिचा विस्तार केला. उत्तरपत्रिकेवरील नांव झांकीत; हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कारकुनांकडून तिची नक्कल करवून मग ती परीक्षकापुढें ठेवीत. जिल्हा, प्रांत आणि राजधानी अशा चढत्या पायऱ्या होत्या. नानजिंगच्या परीक्षागृहांत वीस हजारांहून अधिक लहान लहान खोल्या होत्या, आणि उमेदवार तेथें दिवसरात्र कोंडून राहून लिहीत. जन्मापेक्षां लेखणीला मान देणारी ही रीत त्या काळच्या मानानें फार मोठी मजल होय. तिचें श्रेय चीनला दिलेंच पाहिजे.

आतां दुसरी बाजू. दार उघडें होतें. पण दारापर्यंतची वाट कोणाच्या अंगणांतून जात होती? परीक्षेला लागत कन्फ्यूशियसच्या परंपरेचे जुने ग्रंथ, तेही तोंडपाठ. त्यांची भाषा बाजारांत, शेतांत किंवा चुलीपाशीं कोणी बोलत नसे. तिला त्यांची संस्कृतच म्हणाना! ती शिकावयाची म्हणजे पोरगें लहानपणापासून वर्षानुवर्षें पंतोजीच्या हातीं दिलें पाहिजे. भाताच्या चिखलांत गुडघाभर उभ्या असलेल्या कुळाला हें कसें परवडावें? ज्याची जमीन दुसरे कसतात त्याचाच मुलगा निवांत घोकणार. स्त्रियांना तर दार बंदच होतें. छिंग म्हणजे मांचू अमदानींत नट, दास, कचेरींतले हरकामे अशा 'हलक्या' ठरविलेल्या लोकांच्या मुलांनाही मज्जाव होता. हो पिंग-ती या इतिहासकारानें १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, ज्यांच्या मागल्या तीन पिढ्यांत कोणीच पदवीधर नव्हता अशा घरांतून सर्वांत वरची पदवी मिळविणारांचें प्रमाण मिंग काळापेक्षां मांचू काळांत पुष्कळ खालीं आलें. दार तेंच, पाटी तीच. आंत जाणारे मात्र अधिकाधिक त्याच वाड्यांतले!

आणि पदवी म्हणजे नुसता मान नव्हे. पदवीधराला वेठ माफ, फटके माफ, अधिकाऱ्यापुढें बसावयास जागा. त्याच्या मानेवरचें ओझें शेजारच्या अडाणी कुणब्याच्या मानेवर जाई.

ज्या विद्येवर आपली मिरास अवलंबून, ती विद्या बदलूं देईल असा मिरासदार कोणीं पाहिला आहे काय? मिंग काळापासून 'अष्टपदी' निबंधाचा सांचा ठरून गेला: आठ भाग, ठराविक जोड्या, ठराविक वळणें. हिशेब, यंत्रें, भूगोल, शेतीचें ज्ञान यांना वरच्या पदवींत मोल उरलें नाहीं. १८५० च्या सुमारास लोकसंख्या ४० कोटींवर गेली, पण जिल्हे राहिले सुमारें १,३००. हजारों उमेदवार म्हातारे होईपर्यंत नापास होत राहिले. अशा नापासांतूनच तख्ताचे वैरी निघाले. मिठाचा चोरटा व्यापार करणारा हुआंग चाओ असाच एक. ८८१ सालीं त्यानें थांग घराण्याची राजधानी घेतली. चार वेळां नापास झालेला हुंग शिऊछुआन दुसरा. त्याच्या तायपिंग बंडांत १८६४ पर्यंत दोन कोटींच्या वर माणसें मेलीं, असा अंदाज आहे.

बाहेरचा घाव तर निराळाच. १८४२ आणि १८६० सालीं इंग्रजांनीं तोफांच्या जोरावर अफूची बाजारपेठ उघडून घेतली. त्या अफूंतली पुष्कळशी माळव्यांत पिकून मुंबई बंदरांतून गेली, आणि येथील कांहीं पेढ्या तीवर गबर झाल्या, हेंही विसरूं नये. १८९५ सालीं जपानसारख्या लहान देशानें चीनला चीत केलें. तेव्हां कोठें १८९८ सालीं तरुण ग्वांगशू बादशहानें अष्टपदी निबंध काढून टाकण्याचा हुकूम सोडला. १०३ दिवसांत राजमाता त्सशीनें जुन्या दरबाऱ्यांच्या बळावर त्याला नजरकैदेंत टाकलें, सहा सुधारकांचीं डोकीं उडविलीं आणि निबंध परत आणला! पुढें १९०५ सालीं परीक्षा कायमची बंद झाली. त्यासाठीं कांहीं बड्या अधिकाऱ्यांनींच आग्रह धरला होता. पण वेळ टळून गेली होती. तख्ताशीं पंडितांना बांधणारी दोरी तुटली, आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजीं सहा वर्षांच्या पूयीच्या नांवानें राजत्यागाचा जाहीरनामा निघाला. पांच वर्षांनीं हू शी, चेन दूशिऊ या विद्वानांनीं लोकांच्या बोलींत लिहा, अशी हांक दिली. तीच हांक तीनशें वर्षें आधीं दरबारांतून निघती तर?

आतां आपल्या शहाण्यांना उत्तर. इंग्रजांनींही १८५५ सालीं आमच्या देशाच्या वरिष्ठ नोकऱ्यांची परीक्षा 'सर्वांना खुली' केली. फक्त ती लंडनला घेत! १९२२ पर्यंत ती हिंदुस्थानांत झालीच नाहीं. आगबोटीचें भाडें ज्याच्या खिशांत, त्याच्या अंगीं गुण! महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच सांगितलें होतें, कीं पैसा रयतेच्या घामाचा आणि विद्या वरच्यांच्या मुलांना. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं निम्म्या जागा राखून ठेविल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं वसतिगृहें काढलीं आणि १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला हात घातला. दाराबरोबर वाटही बांधली पाहिजे, हें या राजानें ओळखलें होतें.

म्हणून जे आज एका तोंडानें 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा जप करितात आणि दुसऱ्या तोंडानें पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करण्याचे बेत आंखतात, त्यांना बहुजन समाजानें रोखठोक विचारावें: शिकवणीवर्गाची फी भरणाराचा मुलगा आणि ऊंसतोडीच्या फडावरचा मुलगा एकाच कागदावर लिहितात, एवढ्यानें त्यांची शर्यत सारखी झाली काय? आधीं गांवची शाळा चालवा, तिला शिक्षक द्या, मुलांना वसतिगृह द्या, आणि विद्या आमच्या भाषेंत द्या. मग खुशाल परीक्षा घ्या. आमचीं मुलें परीक्षेला भीत नाहींत.