डब्यातले पेट्रोल आणि दोन एकरवाला

नामपूरच्या मोसम खोऱ्यात पेट्रोल केवळ मोटारसायकलीत जळत नाही. डाळिंबावर फवारणी करणाऱ्या पंपाच्या टाकीत आणि घरातल्या डब्यातही ते असते. हंगाम सरला की महिनोन्‌महिने तिथेच पडून राहते.

पेट्रोल हा टिकाऊ माल नव्हे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो व कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजतात. ही क्रिया लांबवणारी द्रव्ये कारखान्यातच अल्प प्रमाणात घालतात. परंतु तीही कालांतराने खर्ची पडतात. त्यात आता इथेनॉल आले. २०२५ साली देशात त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल ऑक्टेन वाढवते, पण हवेतील ओलावाही ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते. इंजिन नेमके तेच ओढते आणि बंद पडते.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. परकीय चलन वाचते, उसाला व मक्याला गिऱ्हाईक मिळते. प्रश्न असा की, लाभ राष्ट्राचा आणि दुरुस्तीचा भुर्दंड मात्र दोन एकरवाल्याचा, हा कुठला न्याय? मिश्रणाचे प्रमाण आणि साठवणुकीची मुदत प्रत्येक पंपावर ठळक मराठीत लिहिली गेली पाहिजे. जुन्या इंजिनांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोलही मिळाले पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी गावोगाव एवढे तरी सांगावे: लागेल तेवढेच पेट्रोल घ्या, डबा घट्ट झाका, हंगामाअखेर टाकी रिकामी करा. माहिती हाही शेतकऱ्याचा हक्कच आहे.