निर्वासितांची छाननी आणि आपण



२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्तीचा कायदा संसदेने संमत केला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे नियम जाहीर झाले. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ज्या सहा धर्मांच्या लोकांना या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करून दिला, त्यांत बौद्धांचे नाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचून बरे वाटले. ज्या धम्माचा स्वीकार केला म्हणून गावोगाव आपल्या माणसांशी व्यवहार तोडण्यात आले, त्याच धम्माचे नाव देशाच्या कायद्यात आश्रयास पात्र म्हणून यावे, याचे समाधान वाटणे मनुष्यस्वभावास धरून आहे. तथापि समाधान वाटले एवढ्याने विचार पुरा होत नाही. निर्वासित कोणास म्हणावे, त्याची चौकशी कोणी व कशी करावी, आणि त्या चौकशीत त्याचा धर्म विचारावा की त्याच्यावर गुदरलेला प्रसंग विचारावा, हा वाद आज अमेरिकेपासून आसामपर्यंत चालू आहे. या वादात तुम्ही कोठे उभे राहावे, याविषयी आम्हास आज स्पष्ट बोलावयाचे आहे.

प्रथम आपल्याच धर्मबांधवांची हकीकत ऐका. चितगावच्या डोंगरी मुलखात चकमा नावाचे बौद्ध लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १९४७ साली त्या मुलखात मुसलमानांची वस्ती अगदी थोडी होती. म्हणून तो भारतात येणार असे धरून १५ ऑगस्टला रांगामाटी येथे लोकांनी भारताचा झेंडा उभारला. दोन दिवसांनी रॅडक्लिफ यांचा निवाडा प्रसिद्ध झाला आणि तो मुलूख पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर कापताई येथे विजेसाठी मोठे धरण बांधण्यात आले व १९६२ च्या सुमारास ते पुरे झाले. त्या पाण्याखाली मुलखातील उत्तम शेतजमिनीचा फार मोठा हिस्सा गेला, चकमा राजाचा वाडाही गेला, आणि सुमारे एक लाख माणसे उघड्यावर पडली. धरण कोणासाठी बांधले जाते आणि बुडते कोण, हे महाराष्ट्रातील धरणग्रस्तांस निराळे सांगावयास नको.

१९६४ पासून हे लोक हाजोंग नावाच्या हिंदू निर्वासितांबरोबर आसामात आले. आसामवर भार फार झाला म्हणून भारत सरकारनेच त्यांतील चौदा-पंधरा हजार माणसांना त्या वेळच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, नेऊन जमिनी देऊन वसविले. ते चोरून शिरले नव्हते. सरकारने हाताला धरून त्यांना तेथे नेले होते. असे असता त्यांच्या नागरिकत्वाचे घोंगडे दशकानुदशके भिजत पडले. सरकारी नोकऱ्यांची दारे त्यांना बंद झाली, रेशनकार्डे काढून घेण्यात आली, आणि १९९४ साली तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना ३० सप्टेंबरच्या आत राज्य सोडून जाण्याचा इशारा दिला.

आता येथे आमची एक विनंती आहे. ही हकीकत ऐकून अरुणाचलातील आदिवासींना शिव्या देण्यास प्रवृत्त होऊ नका. त्यांची भीती खोटी नाही. १८७३ च्या नियमाने त्यांच्या मुलखाभोवती आखलेली इनर लाइन आजही आहे. परवान्यावाचून बाहेरचा मनुष्य आत जाऊ शकत नाही. त्यांच्या जमाती लहान, जमीन हाच त्यांचा सारा आधार, आणि निर्वासितांना त्यांच्या भूमीवर आणून बसविताना दिल्लीने त्यांचे मत विचारले नाही. त्रिपुरात आदिवासींचे लोकसंख्येतील प्रमाण कसे घटत गेले हे त्यांनी पाहिले आहे. शिवाय हेही ध्यानात घ्या, की चकमांच्या वसाहतींशेजारी राहणारे सिंग्फो व खामती हे स्वतःच थेरवादी बौद्ध आहेत. म्हणजे या तंट्याचे मूळ धर्मात नाही. ते जमिनीत, मतांत आणि सरकारच्या मनमानीत आहे. मूळ रहिवाश्यांच्या जमिनीचे संरक्षण कायम ठेवूनही तेथे वसविलेल्यांस नागरिकत्व देता येते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे भासविणाऱ्यांस हा तंटा मिटवावयाचा नसतो, निवडणुकीपुरता तापवावयाचा असतो.

मानवी हक्क आयोग हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की मनुष्य नागरिक असो वा नसो, संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्यास भाग आहे. चकमांना बळजबरीने हुसकावण्याचा प्रयत्न झाल्यास राज्याने तो परतवून लावावा. याच निकालात दुसरी एक बाब आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आम्हास मात्र तीच अधिक महत्त्वाची वाटते. नागरिकत्वाचा अर्ज मान्य करणे वा फेटाळणे हा केंद्र सरकारचा अधिकार. जिल्ह्याच्या उपायुक्ताने अर्ज घ्यावा आणि आपल्या अहवालासह वर पाठवावा, एवढेच त्याचे काम. प्रत्यक्षात अर्ज पुढे जातच नव्हते. न्यायालयाने ते पाठविण्यास सांगितले आणि निर्णय होईपर्यंत अर्जदारास घरातून काढू नये अशी आज्ञा केली. १७ सप्टेंबर २०१५ रोजी पुन्हा न्यायालयास सांगावे लागले, की तीन महिन्यांत नागरिकत्वाचे काम पुरे करा. त्यानंतर २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी या लोकांना राज्याबाहेर हलविण्याची भाषा केली. वास्तविक १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला मनुष्य आपल्या कायद्याने जन्मतःच नागरिक ठरतो. म्हणजे ज्यांना हलवावयाचे, त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत हा प्रश्नच उरावयास नको होता.

राज्याने परकीयांची छाननी करू नये असे आमचे मत नाही. दारात आलेला मनुष्य कोण, कोठून आला, त्याच्या हातून काही गुन्हा घडला आहे काय, हे पाहणे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु छाननी म्हणजे एकेका माणसाची छाननी. अर्ज टेबलाच्या खणात ठेवून त्यावर वर्षे लोटू देणे ही छाननी नव्हे. आणि एका देशाचा वा एका धर्माचा म्हणून हजारो माणसांवर एकदमच संशयाचा शिक्का मारणे हीही छाननी नव्हे. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सात देशांतील लोकांस बंदी करणारा हुकूम काढला, तेव्हा सुरक्षिततेचेच कारण पुढे करण्यात आले. त्या हुकुमाची तिसरी आवृत्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ग्राह्य धरली. परंतु जन्मस्थानावरून माणसाची नियत ठरविण्याचे शास्त्र कोणते, ते कोणी सांगितलेले नाही. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणारे एक शास्त्र आपल्या देशात होते. ते आपण जाळले आहे.

कागदपत्रांची गोष्ट तर तुम्हास सांगावयास नकोच. धम्मदीक्षेनंतर शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. आजोबांच्या नावातील एका अक्षराच्या फरकापायी जातपडताळणीच्या कचेरीत हेलपाटे घालणारी मुले तुमच्याच घरांत आहेत. हाच अनुभव आसामात केवढा झाला ते पाहा. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. एकाच घरात भाऊ आत आणि बहीण बाहेर असेही घडले. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने माणसावरच टाकला होता. पुराव्याचा भार असा गरिबाच्या खांद्यावर पडतो, तेव्हा ज्याच्या पेटीत सात-बारा व जन्मदाखला असतो तो तरतो. ज्याच्या पूर्वजांस जमीन बाळगू दिली नाही आणि अक्षर शिकू दिले नाही, त्याने पेटीतून काय काढून दाखवावे?

आता त्या सहा नावांकडे पुन्हा वळू. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर वाद झाला. मसुदा समितीला या कलमाइतके डोके शिणविणारे दुसरे कलम क्वचितच भेटले, असे बाबासाहेबांनी तेव्हा बोलून दाखविले. फाळणीचे रक्त अद्याप वाळले नव्हते. विदर्भात शिक्षणप्रसारासाठी ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते त्या पंजाबराव देशमुखांनी उपसूचना मांडली, की अन्य देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू वा शीख, तो कोठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वास पात्र असावा. घटना समितीने ती उपसूचना फेटाळली. संविधानात जी कलमे आली, त्यांत १९ जुलै १९४८ ही तारीख आहे, सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे, नोंदणी आहे, परतणाऱ्यास परवाना आहे. छाननी पूर्ण आहे, धर्माचे नाव मात्र एकाही कलमात नाही. आणि हेही पाहा, की पंजाबरावांच्या यादीत त्या दिवशी बौद्धांचे नाव नव्हते. आज नव्या यादीत ते आहे. जी यादी एका सरकारच्या मर्जीने लांबते ती दुसऱ्याच्या मर्जीने आखूडही होते.

यादीत नाव नसलेल्यांपैकी दोघांची घरे कोणी पेटविली, हे आपण बौद्धांनी विसरता कामा नये. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले. त्या देशात बहुसंख्य लोक बौद्ध आहेत. त्याच देशाने १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वापासून वंचित केले होते, आणि चीवर पांघरलेल्या काही भिक्षूंनी त्यांच्याविरुद्ध द्वेषाचा प्रचार केला. श्रीलंकेतून १९८३ पासून आलेले तमिळ निर्वासित आजही हजारोंच्या संख्येने तामिळनाडूच्या छावण्यांत आहेत. तेही बौद्धबहुल देशातून पळाले. बौद्ध राष्ट्रांत छळ होत नाही असे समजून जर कोणी त्यांना यादीबाहेर ठेवीत असेल, तर ती आपली स्तुती म्हणून आपण स्वीकारू नये. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे कोणाला ठेवावे व कोणाला घालवावे हे त्या त्या वेळच्या सरकारी हुकुमावर राहते. जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणी ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज परत पाठवू नये, एवढेच म्हटले.

म्हणून आमची मागणी लहान आहे. निर्वासितांसाठी लेखी कायदा व्हावा; अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा; नकार दिल्यास त्याचे कारण अर्जदारास कळावे व त्यावर दाद मागता यावी. चकमा बांधवांच्या निवेदनावर कोणी तुमची सही मागावयास आला, तर सही अवश्य करा. त्या निवेदनात ‘बौद्ध म्हणून’ असे शब्द असतील तर ते खोडून ‘सरकारने वसविलेले रहिवासी म्हणून’ असे लिहावयास सांगा, आणि मग खाली आपले नाव घाला.